ताईच्या लग्नाची रफ कॅसेट: व्हीएचएसची फाइल करताना नेमकं काय होतं

आमच्या घरी ताईच्या लग्नाच्या दोन व्हीएचएस, म्हणजे व्हिडिओ कॅसेट होत्या. लग्न १९९४ चं, चिपळूणला, ऐन मे महिन्यात, आणि शूटिंगवाल्याचा तो खांद्यावरचा कॅमेरा आणि त्याच्या मागे हॅलोजनचा दिवा धरून फिरणारा मुलगा, त्या दिव्यामुळे मांडवातले निम्मे लोक डोळे बारीक करून बसलेत. एक कॅसेट मिक्सिंग केलेली, वर बदामात ताई-भावोजींचा फोटो लावलेला, ती आम्ही किती वेळा बघितली असेल त्याला गणतीच नाही. दुसरी नुसतीच काळी, पेनाने 'रफ' लिहिलेली, ती कधी कुणी लावलीच नाही, कारण त्यात गाणी नाहीत, नाव येत नाही, फुलं फिरत नाहीत, मग काय बघायचं असं सगळ्यांना वाटायचं. गेल्या वर्षी दोन्ही डिजिटल केल्या आणि रफ कॅसेटमध्ये ४७ व्या मिनिटाला आजी निघाली, मुहूर्ताच्या हळदीला जात्यावर बसलेली, ओव्या म्हणतेय, तिच्या स्वतःच्या आवाजात, चांगली अडीच मिनिटं. मिक्सिंगवाल्या कॅसेटमध्ये हाच शॉट आठ सेकंदांचा आहे आणि त्यावर सनई लावलीये. आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली, तिचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही.

म्हणून पहिलं सांगणं हेच की घरात, माळ्यावर, मामाकडे, शूटिंगवाल्याकडे कुठेही रफ कॅसेट असेल तर आधी ती शोधा. मिक्सिंगची कॅसेट ही त्या रफवरून केलेली कॉपी असते आणि व्हीएचएसमध्ये कॉपी केली की चित्र खराब होतंच, झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं, शिवाय मूळ आवाज पुसून त्यावर गाणी चढवलेली असतात. बऱ्याच शूटिंगवाल्यांनी रफ कॅसेट पुढच्या लग्नाला परत वापरून टाकल्या, त्यामुळे मिळेलच असं नाही, पण विचारायला काय जातंय.

आता कॅसेटच्या आत काय असतं ते नीट समजून घेऊ, म्हणजे पुढे दुकानदार काय बोलतोय ते कळेल आणि आपण काय मागायचं तेही कळेल. आत असते अर्धा इंच रुंद, म्हणजे १२.७ मिलिमीटरची प्लॅस्टिकची फीत, तिच्या एका बाजूला लोखंडाच्या चुंबकीय ऑक्साइडची एकदम बारीक पूड एका चिकट लेपात कालवून थापलेली. चित्र आणि आवाज सगळं त्या पुडीतल्या चुंबकत्वात. ई-१८० लिहिलेली तीन तासांची कॅसेट असते ना, तिच्यात ही फीत अडीचशे मीटरच्या वर भरते आणि चालताना सेकंदाला फक्त २.३४ सेंटिमीटर सरकते. एवढ्या हळू सरकणाऱ्या फितीवर चित्र मावणं शक्य नाही, चित्राला आवाजापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून व्हीएचएसमध्ये युक्ती अशी आहे की हेडच, म्हणजे फीत वाचणारा भागच, फिरतं. कॅसेट आत ढकलली की खर्र असा आवाज येतो, तेव्हा प्लेअर फीत बाहेर ओढून एका चकचकीत ड्रमला अर्धा वेढा घालत असतो. हा ड्रम ६२ मिलिमीटर व्यासाचा, जरासा तिरका बसवलेला, आपल्या पाल (आपल्याकडच्या टीव्ही-व्हिडिओच्या) पद्धतीत मिनिटाला १५०० फेरे घेतो, आणि त्याच्यावर समोरासमोर दोन हेड असतात. फीत हळू सरकतेय पण हेड तिच्यावरून सेकंदाला जवळजवळ पाच मीटर वेगाने तिरक्या रेघा ओढत जातं. एक रेघ म्हणजे अर्धं चित्र, एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी, सेकंदाला अशा ५० रेघा म्हणजे २५ पूर्ण चित्रं. आणि एका रेघेची रुंदी ४९ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये वीस रेघा बसतील.

एवढं डोक्यात बसलं की बाकीच्या सगळ्या तक्रारींची कारणं आपोआप कळतात. धुळीचा कण किंवा लेपाचा टवका म्हणजे त्या बारीक रेघेवर धोंडाच, तिथे चित्रात पांढरी चिरी दिसते. हेड रेघेच्या बरोब्बर मध्यावरून गेलं नाही की पडद्यावर मुंग्यांचा पट्टा येतो, त्यासाठीच प्लेअरवर ट्रॅकिंगचं बटण असायचं. रेघ कुठे सुरू होते ते प्लेअरला सांगणाऱ्या खुणा फितीच्या खालच्या कडेला असतात आणि साधा आवाज वरच्या कडेला, जेमतेम एक मिलिमीटरच्या पट्टीत. म्हणजे फितीची वरची कड चुरगळली की चित्र बरं दिसतं पण आवाज जातो. आणि आवाज मुळातच घुसमटलेला का असतो, तर गाण्यांच्या ऑडिओ कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते, इथे त्याच्या निम्म्याहून कमी.

रंगांचंही तसंच. व्हीएचएसमध्ये काळं-पांढरं चित्र त्यातल्या त्यात बरं असतं पण रंग फार कमी जागेत कोंबलेला असतो, त्यामुळे ताईचा लाल शालू खांद्याच्या बाहेर सांडल्यासारखा दिसतो. हा दोष मूळ रेकॉर्डिंगमधलाच आहे, तो कितीही महागड्या ठिकाणी गेलात तरी पूर्ण जाणार नाही. कुणी 'फोरके करून देतो' म्हणालं तर जरा जपून, फीत मुळात जेवढं धरून आहे त्याच्यापुढे नवीन माहिती कुठून येणार, आणि हल्लीची काही सॉफ्टवेअर तर चेहरे गुळगुळीत करायच्या नादात नाकडोळेच बदलतात. मला आजीचा चेहरा धूसर चालेल, दुसऱ्याच कुणाचा झालेला नको.

आता बुरशी. कोकणातल्या, मुंबईतल्या आणि एकूणच किनारपट्टीच्या कॅसेटचा हा मोठा शत्रू. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून मोबाईलचा टॉर्च मारून बघा, फितीच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा गोल गोल पांढरे डाग दिसले तर ती कॅसेट प्लेअरमध्ये घालायची नाही, 'बघू तरी चालते का' म्हणूनही नाही. बुरशी हेडला चिकटते, फीत घासली जाते, आणि मग त्याच प्लेअरमध्ये पुढे घातलेल्या चांगल्या कॅसेटलाही लागते. आमचं काम ज्यांनी केलं त्यांच्याकडे असल्या कॅसेटसाठी वेगळा प्लेअरच होता, आधी तोंडाला मास्क लावून फीत मऊ कापडातून हळूहळू फिरवून साफ केली आणि मग चांगल्या प्लेअरला लावली. कॅसेटचा डबा पाच स्क्रूंवर उघडतो, म्हणजे डबा तडकला असेल तर फीत काढून दुसऱ्या डब्यात घालता येते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फीत तुटली असेल तर मात्र घरातली साधी चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद कडेने बाहेर येतो आणि हेडला बसतो, त्यासाठी वेगळी जोडपट्टी मिळते, तीही फितीच्या आतल्या बाजूला लावायची, लेपाच्या बाजूला नाही.

मामाकडे आमच्या मुंजीची कॅसेट होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणभर घराघरात शिरलं तेव्हा ती चिखलात गेली आणि बाकी सामानाबरोबर टाकून दिली, त्या वेळी कुणाला कॅसेटचं सुचणार होतं. पण नंतर कळलं की भिजलेली कॅसेट म्हणजे संपलीच असं नसतं. ती लावायची नाही, उन्हात टाकायची नाही, हेअर ड्रायर मारायचा नाही, स्वच्छ गार पाण्याने चिखल धुवून सावलीत वाळवायची आणि मग जाणकाराकडे न्यायची. हे तेव्हा माहीत असतं तर, असं अजून वाटतं.

कॅसेट बरी दिसत असेल तर लावायच्या आधी दोन कामं. कॅसेटच्या पाठीवर कोपऱ्यात प्लॅस्टिकची एक छोटी पट्टी असते, ती तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी वर काही छापलं जाणार नाही. आणि वर्षानुवर्षं उभी-आडवी पडून गुंडाळी कुठे सैल कुठे घट्ट झालेली असते, म्हणून एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या.

प्लेअर मिळणं हीच खरी अडचण. जेव्हीसीने व्हीएचएस आणलं १९७६ ला, आपल्याकडे १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या पाठोपाठ घरोघरी नाही पण गल्लोगल्ली व्हीसीआर आले, भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन पिक्चर बघायचो आपण. आणि जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, शेवटपर्यंत बनवणारे तेच राहिले होते. म्हणजे आज जगात जेवढे प्लेअर आहेत ते सगळे जुने, त्यांचे रबरी पट्टे कडक झालेत, हेड झिजलेत, आणि दुरुस्त करणारी माणसंही वयस्कर होत चाललीयेत. युनेस्को आणि ध्वनी-चित्र अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये चुंबकीय फितींबद्दल धोक्याचा इशारा दिला होता, त्यात २०२५ हे साल धरलं होतं, त्याच्यानंतर फिती वाजवणंच अवघड होत जाणार म्हणून. ते साल आलंसुद्धा. जुन्या बाजारातून प्लेअर आणलात तर आधी एखाद्या जुन्या पिक्चरची नको असलेली कॅसेट लावून बघा, लग्नाची नाही. हेड साफ करायचं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला जाड मऊ कागद किंवा शॅमॉय, म्हणजे मऊ चामडं, हेडला धरून ड्रम हाताने आडवा फिरवायचा, वर-खाली घासलं तर हेडचा टवका उडतो.

पुढचा टप्पा प्लेअरमधून कम्प्युटरमध्ये नेण्याचा. पिवळी वायर चित्राची, लाल-पांढऱ्या आवाजाच्या, आणि मध्ये प्लेअरचं चित्र कम्प्युटरला घेता येईल असं करणारं यूएसबीचं कॅप्चर कार्ड, ऑनलाइन अगदी स्वस्तातही मिळतं. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, हे काम पेन ड्राइव्हवरून कॉपी मारण्यासारखं नाही, फीत तिच्या चालीनेच चालणार. आणि इथे एक चूक जवळजवळ सगळ्यांची होते, ती म्हणजे आवाज मागे-पुढे होतो, सुरुवातीला मंगलाष्टकं ओठांशी जुळतात आणि तासाभराने भटजींचे ओठ आधी हलतात, 'शुभमंगल सावधान' नंतर ऐकू येतं. त्याचं कारण असं की जुनी फीत कुठे ताणलेली कुठे आक्रसलेली असते, त्यामुळे चित्राच्या ओळी अगदी ठरल्या क्षणी येत नाहीत, काही जराशा लवकर, काही उशिरा. जुना डब्बा टीव्ही ते सांभाळून घ्यायचा. कम्प्युटरचं कार्ड सांभाळत नाही, ते गोंधळलं की ती चित्रं सोडूनच देतं, आणि चित्रं गळाली पण आवाज चालू राहिला की दोघांची फारकत होते. यावर उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर (टीबीसी) नावाचं यंत्र, ओळी थोडा वेळ स्वतःजवळ साठवून एका तालात पुढे सोडणारं. स्वतंत्र यंत्र महाग आणि दुर्मिळ आहे, पण काही चांगल्या व्हीसीआरमध्ये ते आतच असतं, आणि काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडले तरी बऱ्यापैकी तेच काम होतं. दुकानात गेलात तर 'तुमच्याकडे टीबीसी आहे का' एवढं विचारा, समोरच्याच्या उत्तरावरून त्याला काम येतं की नाही ते लगेच कळेल.

चित्राच्या अगदी तळाशी दोन-चार ओळी सतत थरथरताना दिसतील, त्याला घाबरू नका, एका हेडकडून दुसऱ्या हेडकडे काम जातं तिथली ती खूण आहे, पूर्वीच्या टीव्हीच्या चौकटीत ती झाकली जायची म्हणून आपल्याला कधी दिसली नाही. हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसले तर ती सम-विषम ओळींची भानगड, फाइल बनवताना डीइंटरलेस, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करायला सांगा, जमलं तर सेकंदाला ५० चित्रं ठेवून, म्हणजे हालचाल कॅसेटसारखीच मऊ राहते. आणि चित्र चौकोनीच राहू द्या, चार बाय तीन. हल्लीच्या रुंद टीव्हीभर ताणून दिलेल्या कितीतरी फाइल बघितल्यात मी, सगळी वरात जाडजूड दिसते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी तिकडून पाठवलेल्या कॅसेट असतील, बारसं, डोहाळजेवण वगैरे, तर त्या एनटीएससी पद्धतीच्या असतात, ५२५ ओळी आणि सेकंदाला साधारण ३० चित्रं. आपल्या पालच्या ६२५ ओळी. साध्या प्लेअरवर त्या काळ्या-पांढऱ्या किंवा गडगडत दिसतात आणि लोक समजतात खराब झाली. खराब नाही झालेली, मल्टिसिस्टिम प्लेअर लागतो, बस. आणि २००० सालानंतरच्या छोट्या मिनीडीव्ही कॅसेट असतील तर त्या मुळातच डिजिटल आहेत, त्या पिवळ्या वायरने काढणं म्हणजे नुकसान, कॅमेऱ्यातून फायरवायर नावाच्या वायरने जशीच्या तशी फाइल उतरवता येते, तासाला साधारण १३ जीबी.

आता डिस्क. बहुतेक जण दुकानात जाऊन 'याची डीव्हीडी करून द्या' म्हणतात, आम्ही तेच केलं होतं, २००५ च्या आसपास, तेव्हा तर व्हीसीडी होती. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, डीव्हीडीचं ७२० बाय ५७६, म्हणजे व्हीसीडीत चौथा हिस्साच उरला. त्या काळात पुष्कळ घरांनी व्हीसीडी करून कॅसेट भंगारात दिल्या. तुमच्याकडे व्हीसीडी असली आणि कॅसेटही शिल्लक असेल तर काम झालेलं नाही असं समजा, कॅसेटवरून पुन्हा करा. डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात आणि दोन तासांपर्यंत ठीक दिसतं, तीन तासांचं लग्न एकाच डीव्हीडीत कोंबलं की अक्षता पडताना सगळं चित्र चौकटी-चौकटींचं होतं. घरी बर्न केलेल्या डिस्कमध्ये माहिती एका रंगद्रव्याच्या थरात असते, तो थर ऊन आणि उष्णतेने उतरतो, आमच्या २००५ च्या दोन व्हीसीडींपैकी एक आता वाचलीच जात नाही. आणि नवीन लॅपटॉपला डिस्क घालायला जागा कुठंय.

म्हणून मागताना फाइल मागा. एक मोठी, अस्सल, कमीत कमी दाबलेली, ती लॉसलेस, म्हणजे काहीच न गाळलेली असेल तर तासाला ३०-३५ जीबी सहज खाते, ती हार्ड डिस्कवर जपून ठेवायची. आणि एक बघण्या-पाठवण्यासाठी एमपीफोर, तासाला अडीच-तीन जीबी पुष्कळ झाली. आईला टीव्हीवर बघायची असेल तर पेन ड्राइव्ह द्या, फक्त फॅट३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही, तेव्हा तासातासाचे भाग करा. व्हॉट्सअॅपवर नुसता व्हिडिओ म्हणून टाकला की तो पुन्हा दाबला जातो, छोटा तुकडा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ड्राइव्हची लिंक द्या. एक प्रत घराबाहेर ठेवायचीच, दुसऱ्या गावातल्या भावाकडे, बहिणीकडे. चिपळूणच्या पुरानंतर मला हे कुणी वेगळं सांगायची गरज राहिली नाही.

आधीच डीव्हीडी झालेली असेल आणि कॅसेट गेली असेल तर आज ती डिस्क कम्प्युटरवर उतरवून घ्या, आतलं व्हिडिओ टीएस नावाचं पूर्ण फोल्डर कॉपी करा, व्हीसीडी असेल तर त्यातली डॅट फाइल, व्हीएलसी प्लेअरवर चालते. पुन्हा एमपीफोर करायची घाई नको, जे आहे ते तसंच राहू दे.

काम झाल्यावर कॅसेट टाकू नका. उद्या कुणाला आजीचा आवाज अजून स्वच्छ काढता आला तर तो फितीतूनच निघणार. उभी ठेवा पुस्तकासारखी, कोरड्या कपाटात, माळ्यावर नको.

आणि कॅप्चर चालू असताना जे तीन तास जातात ना, ते वाया घालवू नका, आईला, मावशीला, काकांना शेजारी बसवा. आम्ही तेच केलं. आई एकेक जण ओळखत गेली आणि मी मिनिटं लिहीत गेलो, बाराव्या मिनिटाला पेढ्यांचं ताट धरलेले ते आबांचे मावसभाऊ, एकतिसाव्याला कानपिळीसाठी अडून बसलेला धाकटा मामा, पंगतीत वाढणारा तो मुलगा आता डॉक्टर आहे. ती यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये करून व्हिडिओच्या बरोबरच ठेवलीये. ४७ व्या मिनिटाला आजीच्या समोर बसून जात्याला हात लावणारी, हिरव्या लुगड्यातली एक बाई आहे, ओवीची दुसरी ओळ ती उचलते, आणि ती कोण ते आईला काही केल्या आठवेना. तेवढा तुकडा कापून मावशीला रत्नागिरीला पाठवला. पाचच मिनिटांत फोन आला, म्हणाली अरे ती आपली खालच्या आळीतली सुईण, तुझ्या ताईला हिनेच तर पहिल्यांदा हातात घेतलं होतं. मग मावशीने फोनवरच पुढची ओवी म्हणून दाखवली, ती कॅसेटमध्ये नव्हती, आणि मी घाईघाईने रेकॉर्डिंग चालू केलं.